चिठ्ठीवर गोळीच्या आधी जेवण लिहा : महाराष्ट्रातील फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

गावात, तालुक्याला आणि शहरातल्या वस्त्यांमध्ये दवाखाना चालवणाऱ्या सर्व डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या ठिकाणी आहारसल्लागार म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण आपल्यापैकीच कुणाच्या तरी दवाखान्यातून आलेले असतात आणि त्यांच्या हातातल्या पिशवीत रक्ताचे रिपोर्ट, केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या असतात. त्या चिठ्ठ्या वाचणे हा माझ्या कामाचा पहिला भाग. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, बाळंतपण, कारण काहीही असो, मूळ आजाराच्या औषधांखाली एखादी मल्टीव्हिटॅमिनची गोळी, एखादी कॅल्शियमची, जोडीला बी-कॉम्प्लेक्स किंवा टॉनिकची बाटली लिहिलेली असते. जेवणाविषयी बहुधा काही नसते. असलेच तर ‘पौष्टिक आहार घ्या’ एवढी एक ओळ असते. हे पत्र त्या ओळीविषयी आहे. माझी विनंती अशी की, त्या ओळीच्या जागी आपण अन्नपदार्थ नावानिशी, मराठीत, प्रमाणासह आणि जीवनसत्त्वाच्या गोळीच्या वर लिहावेत. आणि जीवनसत्त्वाची गोळी लिहिताना ती कोणत्या कमतरतेसाठी आहे व किती दिवसांनी बंद करायची आहे, हेही त्याच चिठ्ठीवर नोंदवावे.

ही विनंती मी रुग्णांना किंवा औषध कंपन्यांना न करता आपल्याला करते आहे, कारण आपल्या समाजात डॉक्टरांच्या चिठ्ठीइतका मान दुसऱ्या कुठल्याही कागदाला नाही. सुनेने रोज एक अंडे खावे किंवा पेलाभर दूध प्यावे असे मी वारंवार सांगितले तरी त्यावरून घरात कुरबुर होते. ‘डॉक्टरांनी लिहून दिलंय’ म्हटले की तीच सासू सकाळी स्वतः अंडे उकडून देते. घरातले पैसे कशावर खर्च व्हावेत आणि ताटात आधी कुणाला वाढावे, हे आपल्या दोन ओळींनी बदलू शकते. एवढी ताकद असलेली जागा आपण ‘पौष्टिक आहार घ्या’ या मोघम शब्दांवर खर्च करतो, याचे मला वाईट वाटते.

कांद्याच्या वखारीत निवडणीचे काम करणारी एक तिशीतली बाई माझ्याकडे आली होती. हिमोग्लोबिन ८.४. पिशवीत लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, मल्टीव्हिटॅमिनच्या कॅप्सूल आणि प्रोटीन पावडरचा डबा होता, आणि एवढ्या औषधांसाठी तिने मुकादमाकडून उचल घेतली होती. रक्तवाढीची गोळी ती पहाटे कामाला निघताना चहाबरोबर घेत होती, कारण दिवसभरात तेवढाच काय तो निवांत वेळ तिला मिळत होता. कॅल्शियमची गोळीही त्याच घोटाबरोबर. मी आदल्या दिवशीचे खाणे विचारले. सकाळी चहा-खारी, दुपारी डब्यात दोन चपात्या आणि बटाट्याची कोरडी भाजी, चार वाजता वखारीवरचा चहा, रात्री भात आणि तळाशी उरलेली पातळ आमटी, तीही सगळ्यांचे आटोपल्यावर. घरामागच्या वाफ्यात मेथी होती, पण ती जुड्या बांधून बाजारात जात होती. प्रोटीन पावडर तिच्या मुलांनी चॉकलेटच्या चवीपायी केव्हाच संपवली होती.

आता लोहाची गोळी बंद करण्याचा प्रश्नच नव्हता, ८.४ हिमोग्लोबिनला ती हवीच. परंतु चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचे शोषण निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटते, कॅल्शियम एकाच वेळी पोटात गेले तर तेही लोहाच्या आड येते, आणि याउलट लिंबू, आवळा, पेरू असे ‘क’ जीवनसत्त्व देणारे काही सोबत असेल तर भाजी-भाकरीतले लोह कितीतरी जास्त अंगी लागते, या तीन गोष्टी तिला कुणी सांगितल्या नव्हत्या. तिच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलले. त्यांनी न रागावता ऐकून घेतले, कॅप्सूल आणि पावडर खोडली आणि पुढच्या फेरीला नवी चिठ्ठी दिली. त्यावर लिहिले होते : मेथी, माठ किंवा शेवग्याचा पाला रोज एक वाटी, भाजके शेंगदाणे एक मूठ, दोन्ही जेवणांत लिंबाची फोड, जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नाही, लोहाची गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर. ही चिठ्ठी तिच्या नवऱ्याने घरात मोठ्याने वाचून दाखवली. त्यानंतर दर वेळच्या खुडणीतून एक जुडी घरात राहू लागली. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन वाढले होते; ते गोळीमुळे किती आणि जेवणामुळे किती, हे मी सांगू शकत नाही आणि ते वेगळे काढण्यात मला रसही नाही. गोळी कधीतरी थांबणार होती, मेथी चालू राहणार होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ५४.२ टक्के झाले. त्याच फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ते ६८.९ टक्के होते. लोहाच्या गोळ्या या काळात नव्हत्या असे नाही. त्या अंगणवाडीत होत्या, शाळेत होत्या, उपकेंद्रात होत्या आणि आपल्या चिठ्ठ्यांवरही होत्या. त्या सर्वांपर्यंत पोहोचल्या नाहीत, पोहोचल्या तिथे पूर्ण घेतल्या गेल्या नाहीत, हे खरेच आहे. पण ज्या ताटातून रोजचे लोह यायला हवे ते ताट या काळात भरले का, हा प्रश्न दवाखान्यात फारसा विचारला गेला नाही, हेही तितकेच खरे आहे.

वैद्यकशास्त्राला हा प्रश्न विचारण्याची सवय पूर्वी होती, आणि तिचे एक ठळक उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणारा एक जीवघेणा रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांनी रक्ताचे नमुने तर तपासलेच, शिवाय या स्त्रिया घरी काय खातात याची नोंद केली, आणि निकृष्ट आहार हाच रोगाच्या मुळाशी असावा या दिशेने शोध नेला. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त खाद्यपदार्थाने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या पदार्थातला नेमका घटक तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला आणि आज आपण त्याला फॉलिक अॅसिड म्हणतो. आज प्रत्येक गरोदर स्त्रीच्या चिठ्ठीवर जी गोळी असते, तिचा उगम परळमधल्या स्त्रियांच्या जेवणाच्या चौकशीत आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, तो आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. या शेतकरी स्त्रियांच्या आहाराची बारकाईने नोंद ठेवण्यात आली. एकूण उष्मांक आणि प्रथिने किती, याचा बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. पण गरोदरपणात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळे मोठी होती. हा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासातून २००८ मध्ये पुढे आलेली दुसरी गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. या आयांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होते, आणि ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट (फॉलिक अॅसिड ज्याचे एक रूप आहे ते जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी स्थिती, सर्वाधिक आढळला. यावरून गरोदरपणी फॉलिक अॅसिड देऊ नये असा अर्थ कुणी काढू नये. बाळाच्या मज्जारज्जूच्या रक्षणासाठी ते अत्यावश्यक आहे. अर्थ एवढाच की, पोषक घटक शरीरात एकेकटे काम करत नाहीत, आणि एकच घटक गोळीने वाढवताना त्याच्या जोडीदाराकडे पाहिले नाही तर तोल जाऊ शकतो.

मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये २००६ पासून झालेल्या एका प्रयोगात तर गोळीऐवजी खाऊच दिला गेला. साडेसहा हजारांहून अधिक स्त्रिया त्यात सहभागी होत्या. एका गटाला गर्भ राहण्याच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ रोज मिळत होता. दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सर्व बाळांच्या सरासरी वजनात लक्षणीय फरक पडला नाही, हे मी लपवू इच्छित नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्या आयांच्या बाळांचे वजन सुमारे ५० ग्रॅमने वाढले, आणि अतिशय कृश स्त्रियांना तोही लाभ झाला नाही. पण गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के होते, ते पालेभाजी-फळे-दुधाच्या गटात ७.३ टक्क्यांवर आले. मधुमेहाने घराघरांत ठाण मांडलेल्या महाराष्ट्रात ही गोष्ट एखाद्या नव्या औषधाने साधली असती, तर प्रत्येक दवाखान्यात तिचे माहितीपत्रक आले असते. पालेभाजीचे माहितीपत्रक घेऊन आपल्याकडे कुणी प्रतिनिधी येत नाही, म्हणून हे पत्र मी जरा विस्ताराने लिहिते आहे.

अन्नातला घटक वेगळा काढून गोळीत भरला की तो तसाच वागेल, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाची सर्वांत कठोर परीक्षा फिनलंडमध्ये झाली. गाजर, पालेभाज्या आणि पिवळी-केशरी फळे खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, हे अनेक पाहण्यांतून दिसले होते. मग त्यातले बीटा-कॅरोटीन, म्हणजे शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व बनते तो घटक, धूम्रपान करणाऱ्यांना गोळीतून द्यावे, असे ठरले. २९,१३३ पुरुष, रोज २० मिलिग्रॅम, पाच ते आठ वर्षे. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत बीटा-कॅरोटीनला अ जीवनसत्त्वाची जोड देऊन असाच एक प्रयोग सुरू होता; तिथेही फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी वाढलेला दिसल्याने तो १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. गाजराने कुणाचे वाईट झाल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे येणाऱ्या विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून कॅप्सूल लिहिताना हे दोन प्रयोग आठवावेत, एवढे मी कळकळीने सांगते.

मल्टीव्हिटॅमिनबद्दल न्यायाने बोलायचे तर त्याचीही मोठी परीक्षा झाली आहे, आणि ती डॉक्टरांवरच झाली आहे. अमेरिकेतील पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांनी दहा वर्षांहून अधिक काळ रोज एक मल्टीव्हिटॅमिन किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी घेतली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कर्करोगात ८ टक्क्यांची माफक घट दिसली. हृदयविकारात काहीही फरक नव्हता. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने सर्व पुरावे पुन्हा तपासले आणि निरोगी प्रौढांनी हृदयविकार व कर्करोग टाळण्यासाठी मल्टीव्हिटॅमिन घ्यावे की नाही, हे सांगण्याइतका पुरावा नाही असे म्हटले. बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व मात्र घेऊ नये, असे स्पष्ट सांगितले. पोटभर आणि विविध अन्न मिळणाऱ्या माणसाला या गोळीने फार तर एवढेच मिळते. ज्याला ते मिळत नाही, त्याच्या ताटात डाळ, दूध आणि भाजी नाही. आणि ही सगळी उणीव एका कॅप्सूलमध्ये मावणारी नाही. त्या कॅप्सूलमध्ये प्रथिने नसतात, तंतू नसतात, कॅल्शियम नावापुरते असते, कारण गरजेइतके कॅल्शियम भरायचे तर ती गिळता येणार नाही.

गोळ्यांना माझा विरोध नाही. शाकाहारी माणसाला बी-१२ दूध-दही-ताकाखेरीज जवळजवळ कुठूनही मिळत नाही, त्यामुळे ज्याच्या घरात दूध फक्त चहापुरते येते त्याला बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन लागणारच. वर्षानुवर्षे मधुमेहावरचे मेटफॉर्मिन घेणाऱ्याचे बी-१२ हळूहळू कमी होते. पायांच्या मुंग्या मधुमेहामुळेच आहेत असे समजून ते तपासायचे राहून जाते, आणि तिथे मी आपल्याला गोळी लिहिण्याची आठवण करून देईन. ड जीवनसत्त्व अन्नातून जवळजवळ मिळत नाही, आणि दिवसभर छताखाली काम करणाऱ्यांना उन्हातूनही पुरेसे मिळत नाही. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस लोह-फॉलिक अॅसिड, नवजात बाळाला के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, लहान मुलांना ठरलेल्या वेळी अ जीवनसत्त्वाचे डोस : यांतले काहीही अन्नाच्या नावाखाली टाळणे हा अपराध ठरेल. ‘आम्ही सगळं नैसर्गिकच घेतो’ असे अभिमानाने सांगून लोहाच्या गोळ्या कचऱ्यात टाकणारी घरेही मी पाहिली आहेत, आणि त्यांना समजावताना मला आपल्याइतकाच आवाज चढवावा लागतो.

माझे म्हणणे त्या गोळ्यांबद्दल आहे ज्या कुठल्याही कमतरतेचे नाव न घेता, ‘अशक्तपणा वाटतो’ या एका वाक्यावर लिहिल्या जातात आणि मग कधीच थांबत नाहीत. साठ हजार युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. ती रोज घेतल्याने रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम आणि मूत्रपिंडाला इजा इथवर मजल जाऊ शकते. आठवड्याला एक आणि दिवसाला एक यातला फरक चिठ्ठीवर इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेला असतो आणि औषध घेणारी आजी तो वाचू शकत नाही. हातापायांच्या मुंग्यांसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत बी-६ मोठ्या मात्रेत असते, आणि ते दीर्घकाळ घेतले तर बी-६ स्वतःच नसांना इजा करून मुंग्या आणते. म्हणजे रुग्ण त्याच तक्रारीसाठी तीच गोळी पुन्हा पुन्हा विकत घेत राहतो. अ जीवनसत्त्व गरोदरपणाच्या सुरुवातीला अतिमात्रेत गेले तर गर्भात व्यंग येऊ शकते. बी-कॉम्प्लेक्स सुरू केले की लघवी गडद पिवळी होते आणि रुग्ण उष्णता वाढली म्हणून घाबरतो. तो रंग शरीराने न वापरता बाहेर टाकलेल्या बी-२ चा असतो, आणि त्याचे पैसे त्याच्याच खिशातून गेलेले असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. मल्टीव्हिटॅमिन आणि पोषक पावडरींची कितीतरी उत्पादने औषध म्हणून नव्हे तर अन्नसुरक्षा कायद्याखाली आरोग्यपूरक म्हणून विकली जातात, आणि ती औषधी वापरासाठी नाहीत असे त्यांच्या वेष्टनावर छापणे नियमाने बंधनकारक आहे. अशी वस्तू औषधांच्या चिठ्ठीवर, औषधांच्याच रांगेत, सकाळी एक रात्री एक अशा भाषेत आली की रुग्ण तिला औषधच मानणार. माझ्याकडे आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी पैसे कमी पडले म्हणून रक्तदाबाची गोळी अर्धी केली होती आणि प्रोटीन पावडरचा डबा मात्र पूर्ण घेतला होता, कारण डबा महाग होता आणि महाग ते अधिक गुणाचे असणार, असे त्यांना वाटले. मला या गृहस्थांना दोष देता आला नाही.

अन्न लिहायचे म्हणजे काय लिहायचे, असे आपण विचाराल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्यांत तेवढे येते. पेलाभर दुधात किंवा तेवढ्याच दह्यात सव्वादोनशे-अडीचशे. मोठा चमचाभर तिळाच्या कुटात शंभराच्या पुढे. शेवग्याच्या पाल्याची एक वाटी भाजी दीडशेच्या घरात. एका दिवसाच्या साध्या जेवणात आपण हजाराच्या जवळ येऊन पोहोचतो, आणि यातला एकही पदार्थ परदेशातून यावा लागत नाही. किनाऱ्यावरच्या घरांत मांदेली, जवळा, सुकट असे काट्याकवचासकट खाल्ले जाणारे मासे यात भरच घालतात. ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी पाचशे मिलिग्रॅमची असते; स्त्रीची दिवसाची गरज ६५ आणि पुरुषाची ८० मिलिग्रॅम आहे, आणि एक मध्यम आवळा ती एकटा भागवतो. आवळा नसेल तेव्हा अर्धा पेरू.

‘पालक खा’ हा आपल्याकडचा आवडता सल्ला आहे. पण पालकात कॅल्शियमला बांधून ठेवणारे ऑक्झॅलेट भरपूर असल्याने त्यातले कॅल्शियम फारसे शोषले जात नाही आणि मुतखड्याच्या रुग्णाला तो जपून द्यावा लागतो. मेथी, शेवग्याचा पाला ही नावे लिहिलीत तर बरे. विदर्भात कुणी जवसाची चटणी लिहावी, सोलापूरकडे शेंगाचटणी आणि हुलग्याचे माडगे, नगर-बीडकडे बाजरीची भाकरी, कोकणात कुळथाची पिठी आणि नाचणीची आंबील. मटकीला मोड आणले किंवा पीठ आंबवले की त्यातले, लोह-जस्ताला अडवून धरणारे फायटेट कमी होते आणि लोह-जस्त अधिक मिळते, हे आपल्या आजीबाईंना शब्दांत ठाऊक नसले तरी त्यांच्या स्वयंपाकात होते. पालेभाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, भोपळ्याला आणि गाजराला थोड्या तेलाची फोडणी द्या म्हणजे त्यातले अ जीवनसत्त्व अंगी लागेल, अशी एखादी ओळही पुरे. रेशनच्या गहू-तांदळामुळे आणि कामाच्या घाईमुळे भाकरी मागे पडली आहे, तेव्हा ‘आठवड्यातून चार दिवस भाकरी’ असे लिहिणे ही मी आपल्याला सुचवलेली सर्वांत स्वस्त औषधयोजना समजावी.

आपल्या अडचणी मला दिसतात. ओपीडीत रांग लागलेली असते, एका रुग्णाला पाच मिनिटेही देता येत नाहीत, आणि टॉनिक किंवा ‘ताकदीचं इंजेक्शन’ न मिळालेला रुग्ण समोरच्या दवाखान्यात जातो. पहिल्या अडचणीसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय खाल्ले? याचे उत्तर मिनिटभरात येते, आणि कोणती तपासणी करायची व कोणती नाही, हेही पुष्कळदा त्यातून ठरते. दुसऱ्या अडचणीवर माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी काढलेला मार्ग मला आवडतो. ते अन्न चिठ्ठीवर औषधासारखेच लिहितात, वेळेसह आणि मुदतीसह, आणि पुढच्या वेळी आल्यावर गोळ्यांची पट्टी जशी पाहतात तशी त्याचीही विचारपूस करतात. रुग्णाला आपल्याकडे लक्ष दिले गेले असे वाटावे लागते. ते बाटलीनेच वाटते असे नाही.

गरिबीबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. दूध, अंडी, फळे न परवडणारी घरे आहेत आणि तिथे अन्न लिहिणे क्रूरपणाचे वाटू शकते. पण त्या घरांतून टॉनिकचे पैसे येतातच, आणि ते किराणा-भाजीच्या पैशांतूनच येतात. तो खर्च आपण थांबवलात तर तेवढ्याच पैशांत अंडी, शेंगदाणे किंवा दूध येऊ शकते. जिथे तेही शक्य नाही, तिथे अंगणवाडीचा आहार, आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठीचा एक वेळचा चौरस आहार, शाळेतले जेवण, हे त्या घराला मिळते आहे का, अशी चौकशी आपण केलीत आणि मिळत नसेल तर दोन शब्द लिहून दिलेत, तर अंगणवाडी सेविकेला आणि ग्रामपंचायतीलाही आपल्या सहीचे वजन कळते.

ज्या डॉक्टरांना हे पटेल त्यांच्यासाठी मी केसपेपरच्या मागे छापता येईल असा एक पानी मजकूर मोठ्या अक्षरांत तयार केला आहे : रक्तक्षयासाठी वेगळा, गरोदर मातेसाठी वेगळा, साठीपुढच्यांसाठी वेगळा. त्यात ‘ही गोळी कशासाठी’ आणि ‘ही गोळी कधी बंद करायची’ अशा दोन रिकाम्या जागा ठेवल्या आहेत, त्या आपण भराव्यात. भाज्यांच्या नावांचा रकानाही रिकामाच ठेवला आहे, कारण आपल्या गावच्या बाजारात कोणत्या महिन्यात काय स्वस्त मिळते हे आपल्याला आणि आपल्या कंपाउंडरला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. मजकूर वापरण्यासाठी परवानगीची किंवा माझ्या नावाची गरज नाही. त्यात चूक आढळली तर तेवढी कळवावी.

आपली नम्र,
तालुक्याच्या ठिकाणची एक आहारसल्लागार